पर्लिताचं मलम

मियागाओ, ६ फेब्रुवारी १९८९

ती. थोरल्या बहिणीस, मानांग सोलेदाद हिस,
धाकट्या बहिणीचा, मिनिंगचा, सा. न. वि. वि.

तू मनिलाला गेलीस त्याला दोन वर्षं झाली, आणि भाचीला तू अजून फोटोतच बघतेस. हा नवा फोटो. पर्लिता चौदा महिन्यांची झाली. गाल बघ कसे टम्म! एद्रिंग म्हणतो, खाण्याच्या बाबतीत लेक माझ्यावर नाही, मावशीवर गेलीय. रागावू नकोस, वाक्य त्याचं आहे.

आता खरं ते सांगते. तिला चौथ्या महिन्यापासून खाज आहे, हे तुला कळवलं होतंच. कोपरांत, गुडघ्यांमागे, गालांवर लाल चट्टे. सासूबाईंनी पेरूच्या पानांच्या पाण्यानं न्हाऊ घातलं, काही उतार नाही. मग बाजारात औषधं विकणाऱ्या तिया बास्योननं मलमाची एक डबी दिली. वर नाव नाही, गाव नाही. तीन दिवसांत कातडी लोण्यासारखी झाली गं! मी मागावर बसून रडले आनंदानं. तेव्हापासून सात महिने सकाळ, दुपार, संध्याकाळ तेच लावतेय, अंगभर. एक दिवस चुकलं की दुप्पट उठतं.

पण हल्ली गालांवर लाल धाग्यांसारख्या शिरा दिसतात. कातडी कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ झालीय. नुसतं उचललं तरी काळंनिळं होतं. आणि मानांग, ती रुंद होतेय, लांब होत नाही. पाच महिन्यांपूर्वीची झबली अजून लांबीला पुरतात. सगळे म्हणतात, किती गुबगुबीत! मला मात्र धडकी भरते. तू हॉस्पिटलात आहेस, कुणाला तरी विचार ना.

माया आहे तशीच ठेव.
तुझी, मिनिंग


मनिला, १५ फेब्रुवारी १९८९

चि. मिनिंग हिस अ. उ. आ.

पत्र वाचलं आणि हातातल्या चादरी खाली पडल्या. अगं वेडे, त्या डबीत स्टेरॉइड असणार! मी धोबीखान्यात असले म्हणून काय झालं, कान आहेत मला. वॉर्डातल्या नर्सा सारख्या बोलत असतात, की असल्या डब्यांनी पोरांची कातडी जळते, हाडं वाढत नाहीत. विष आहे ते.

पत्र वाचून होताच डबी समुद्रात फेकून दे. उद्या नाही, आज. एक बोटभरसुद्धा लावायचं नाही. चार दिवस रडेल, रडू दे. तू मन घट्ट कर. लहानपणापासून तुझं असंच, कुणी गोड बोललं की विरघळलीस.

पर्लिताला माझा पापा. एद्रिंगला सांग, मावशी आली की त्याच्या ताटातलं खाईल.

बोलते टोचून, पण जीव तुझ्यापाशीच असतो.
सोलेदाद


मनिला, १० मार्च १९८९

चि. मिनिंग हिस अ. उ. आ.

तीन आठवडे झाले, तुझी ओळ नाही. चिडलीस का माझ्यावर? चीड, पण तसं लिहून तरी चीड. काल आपल्या गावची एक बाई भेटली. म्हणाली, मिनिंगचं घर बंद आहे, मागावर अर्धं कापड तसंच आहे. अर्धं विणलेलं सोडून तू कधी उठत नाहीस. मला घास उतरत नाहीये.

दोन शब्द टाक. नुसतं 'आहोत' एवढं लिहिलंस तरी चालेल.
सोलेदाद


इलोइलो, १४ मार्च १९८९

मानांग,

आहोत.

एद्रिंग कपडे आणायला घरी गेला, तेव्हा तुझं दुसरं पत्र दाराशी मिळालं. नमस्कार लिहायला हात उचलत नाही. तू सांगितलंस, मी फेकलं. दुसऱ्याच दिवशी तिचं अंग भाजल्यासारखं लाल झालं, सालं निघायला लागली. तू म्हणाली होतीस रडू दे, म्हणून मी दारं लावून रडू दिलं. सासूबाई हात जोडत होत्या, तरी ऐकलं नाही. पाचव्या दिवशी ताप आला, उलट्या झाल्या, आणि मग ती रडायचीच थांबली. मला वाटलं, झोपली. उचललं तर मान मागे पडली.

एद्रिंगनं जीप मिळवली. इथे इलोइलोच्या हॉस्पिटलात पोचलो तेव्हा दोक्तोराबाईंनी डबीबद्दल विचारलं आणि नर्सला इंजेक्शन आणायला धावत पाठवलं. मग मला सांगितलं, की त्या मलमात जे असतं तसलंच काहीतरी आपलं शरीर स्वतः बनवतं. इतके महिने बाहेरून मिळत गेलं, तर तान्ह्या शरीरानं बनवायचं सोडून दिलं. आणि मी एका दिवसात बाहेरचंही तोडलं. वर ताप. अजून दोन तास उशीर झाला असता तर पोर हाती लागली नसती, म्हणाल्या.

आता पोटातून औषध देतायत, थोडं थोडं कमी करत नेणार. जीव वाचला म्हणतात. पण खाज तशीच आहे. खाजवून खाजवून रक्त काढते, जखमा चिघळल्यात. मी तिचे हात मोज्यांत बांधून ठेवलेत. स्वतःच्या लेकराचे हात बांधलेत मी! आणि बाई म्हणतात, आता हे सौम्य मलम लाव. नळीवर काय लिहिलंय, माहितीय? स्टेरॉइड. मी नळी त्यांना परत दिली. लावलं तरी मरते, नाही लावलं तरी मरते, मग माझ्या हातून कशाला?

तू मोठी, म्हणून विचारलं नाही, केलं. आता काही सांगू नकोस मला.
मिनिंग


मनिला, २२ मार्च १९८९

चि. मिनिंग,

आशीर्वाद लिहायचा अधिकार राहिला नाही, तरी देते.

तू मला कुणाला तरी विचारायला सांगितलं होतंस. मी विचारलंच नव्हतं. चादरी गोळा करताना अर्धं ऐकलं आणि हुशारी मिरवली. पर्लिताची मान पडली त्याला डबी जेवढी कारण, तेवढीच मी. हे तू कुणालाही सांग, मी नाही म्हणणार नाही.

आता रागावलीस तरी एवढं वाच, कारण हे माझं नाही. काल मी इथल्या त्वचेच्या डॉक्टरांच्या दारात तीन तास उभी राहिले. वॉर्डबॉयनं हाकललं, तरी हलले नाही. तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, तिथल्या बाई बरोबर सांगतायत, त्यांचं ऐका. डबीतलं मलम बहुतेक फार जालीम होतं, मोठ्या माणसाच्या तळव्याला लावावं तसलं. बाईंनी दिलेलं त्या मानानं अगदी हलकं आहे. सूज आणि खाज उतरल्याशिवाय जखमा भरणार नाहीत. घाबरून न लावणं आणि बेसुमार लावणं, दोन्हींनी पोर सारखीच सोसते, असं म्हणाले.

किती लावायचं, तेही मी विचारलं. बोटाच्या शेवटच्या पेरावर नळीतून एक रेघ काढायची. तेवढं मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. फक्त लाल जागी, पातळ, बाई सांगतील तितक्याच वेळा आणि तितकेच दिवस. चेहऱ्याचं वेगळं असेल तर तेही त्यांनाच विचार. वर घट्ट बांधायचं नाही. कोमट पाण्यानं आंघोळ, आणि साधं व्हॅसलीन मात्र रोज, सढळ हातानं. थांबवायचं कधी, तेही बाईच सांगतील. मी नाही, तिया बास्योन नाही.

मिनिंग, लाव गं. तुझ्याच्यानं होत नसेल तर मी येते. शनिवारच्या बोटीचं तिकीट काढलंय. दारात उभी केली नाहीस तर पायरीवर बसेन.

तुझी, चुकलेली
सोलेदाद


मियागाओ, ९ मे १९८९

ती. मानांग हिस,
मिनिंगचा सा. न. आणि पर्लिताचा पापा.

तू परत गेलीस तेव्हापासून ती दाराकडे बोट करून तुला शोधते. पहिल्या दिवशी मलमाची रेघ तू तुझ्या बोटावर काढलीस, दुसऱ्या दिवशी मी माझ्या, दोनदा पुसून. आता एकदाच काढते. गुडघ्यांमागचे चट्टे गेले, दोक्तोराबाईंनी मलम आठवड्यातून दोनदावर आणलंय. कोपरं अजून अधूनमधून उठतात. ही खाज मुळापासून जाईलच असं नाही, हे बाईंनी स्पष्टच सांगितलं. गालांवरच्या शिराही बहुधा थोड्या राहतील. ऐकून मी रडले, पण घरी येऊन मागावर बसले.

मात्र तुला लिहायचं होतं ते वेगळंच. परवा मी बाजारात भांडायला गेले होते. सासूबाई म्हणाल्या, सोड, मी ऐकलं नाही. तिया बास्योनसमोर उभी राहिले आणि सगळ्या बाजारासमोर जे तोंडाला येईल ते बोलले. तिनं गालांवरून बांधलेला रुमाल काढला. मानांग, तिचे स्वतःचे गाल! लालभडक, फोडांनी भरलेले, आणि पर्लिताच्या होत्या तशा शिरा. म्हणाली, पोरी, चार वर्षं मीच लावतेय. चांगलं म्हणूनच दिलं तुला. बंद केलं की चेहरा पेटतो, कुणाला दाखवू?

माझं भांडण तिथेच संपलं. माफ केलं, असं नाही म्हणत. पण तिनं उरलेल्या डब्या फेकायला उचलल्या तसा मी तिचा हात धरला. म्हटलं, विकायचं आजपासून बंद, पण तुझं तू एकदम थांबवू नकोस, आधी बाईंना विचारू. काल तिला घेऊन इलोइलोला गेले. रांगेत चार तास माझ्या खांद्याला टेकून बसली होती. पर्लिता तिच्या मांडीवर झोपली.

तुझ्यावरचा राग अजून सगळा गेला नाही. जाईल तेव्हा कळवीन. तोवर पत्रं थांबवू नकोस.
तुझी, मिनिंग