उजवा कौल

सातारा,
६ जानेवारी २०२५

चि. जयराज,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दिवाळीनंतर तुला पत्र नाही, फोनही मोजकाच, याबद्दल आधी माफी मागते. फोनवर आपण बहीणभाऊ लगेच तापतो, आणि शेजारी बसलेल्या आईला निम्मंच ऐकू येतं. मग ती त्या निम्म्याचाच विचार करत बसते. म्हणून हे पत्र. तिला वाचून दाखव.

सांगलीच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं आहे की आईच्या हृदयाची झडप अरुंद झाली आहे आणि उन्हाळा वाढायच्या आत ऑपरेशन व्हायला हवं. आईनं मात्र आधी बनाईला कौल लावला. आप्पासो गुरवांनी देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि डावी आधी पडली, म्हणजे नकार. मी फोनवर म्हणाले की पाणी वाळलं की पाकळी पडते, त्यात देवीचा काय संबंध. नेमकं तेवढं आईला ऐकू गेलं. तेव्हापासून तिचं म्हणणं एकच, लेकीचा इश्वास न्हाई म्हणून बनाईनं तोंड फिरवलंय. राणीनं खऱ्या मनानं हात जोडले तर पुन्हा कौल लावीन, न्हाईतर दवाखान्याचं नाव काढू नका.

जया, मी खरंच प्रयत्न केला. माती तपासायच्या प्रयोगशाळेत जाण्याआधी गल्लीतल्या देवळात थांबते, हात जोडते, मनाला सांगते की आता मान. भूक नसताना जेवता येतं, तसं हे करता येत नाही. हात जुळतात, पुढं काहीच होत नाही. लहानपणी माझाही विश्वास होता. तो मी ठरवून सोडला नव्हता. कधीतरी बघितलं तर तो नव्हता. मग आता ठरवून परत कसा आणू?

पुराव्याचं म्हणशील तर बाबांच्या आजारात कौल उजवा आला होता, आणि बाबा गेले. तरी आईचा विश्वास तसूभर हलला नाही. पुराव्यानं तिचा जात नाही आणि इच्छा करून माझा येत नाही. मग हा येतो तरी कुठून?

आईला सांग, राणी येईल, हात जोडून उभी राहील, पण विश्वास आहे असं खोटं म्हणणार नाही.

अंकिताला आणि पोरांना आशीर्वाद. राग धरू नकोस, माया धर.

तुझी,
राणी


मळा, ता. तासगाव,
१५ जानेवारी २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. द्राक्षबागेत माल उतरायला आलाय, त्यात मधनंच आभाळ येतंय, म्हणून उत्तराला उशीर.

आईला पत्र वाचून दाखवलं. आता हातातलं काम खाली ठेव आणि मग पुढचं वाच. तुझ्या त्या भूक नसताना जेवायच्या वाक्यापाशी आलो आणि आईकडं बघितलं. गोठ्यातनं स्वयंपाकघरात यायला तिला मधे कट्ट्यावर बसावं लागतंय. ते वाक्य काय माझ्या तोंडातनं निघंना. मी वाचलं की राणीला आता विश्वास वाटायला लागलाय, रोज देवळात जाती. निम्मं तर खरंच हाय की, देवळात जातीसच तू.

आईनं डोळे पुसले आणि माघी पौर्णिमेला कौल लावायचं ठरवून टाकलं.

मी मानतो का, असं तू विचारणारच. ताई, मी औषध मारायच्या आधी मोबाइलवर हवामान बघतो आणि पहिला घड बनाईला नेतो. दोन्हीत भांडण हाय असं मला कधी वाटलं न्हाई. तू लय खोलात शिरतीस. कोण मोजतंय तिथं तुझ्या मनात काय हाय ते? ये, उभी रहा, आणि तेवढं तोंड मिटून रहा. शाळेत असल्यापासून तेवढंच तुला जमलेलं न्हाई.

बेदाणा झाला की पहिला डबा तुझा. धाकट्यावर लोभ हाय तसाच राहू दे.

तुझा,
जया


सातारा,
१६ फेब्रुवारी २०२५

चि. जयराज,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल पोचले. एसटीत बसल्यापासून मनात हे पत्रच लिहीत होते.

तुझ्यावर रागावूनच मी तिकडं आले होते. आईला कौलाआधी खरं सांगून टाकायचं, असं पक्कं केलं होतं. पण देवळाच्या पायऱ्या चढताना ती कठड्याला धरून थांबली, तिच्या ओठांचा रंग बघितला आणि मी गप्प राहिले. म्हणजे तू बोललास ते खोटं मी न बोलता चालवलं. तुझ्यापेक्षा मी बरी, असं आता म्हणता येत नाही.

पुढचं तू बघितलंस, पण माझ्या आत काय झालं ते सांगते. उजवी पाकळी वाकली आणि टोकावर लोंबकळत राहिली. तेव्हा माझ्याच मनात कुणीतरी म्हणालं, पाड गं बाई, उजवी पाड. जया, मी हे कुणाला म्हणाले? समोर कुणी आहे असं मला वाटत नाही, तर मग बोलले कुणाशी? मी ते ठरवून म्हटलं नाही, आणि कसला पुरावाही बघितला नव्हता. याला विश्वास म्हणायचं की नुसती भीती, हे मला अजून कळलेलं नाही.

पाकळी पडली, आईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला, आणि त्याच वेळी माझं लक्ष समईकडं गेलं. ती देवीच्या उजव्या अंगाला होती. पहिल्या कौलाचा फोटो अंकितानं पाठवला होता तो मी घरी येऊन काढून बघितला. त्यात समई देवीच्या डाव्या अंगाला आहे. दिव्याची ऊब ज्या बाजूला, ती पाकळी आधी वाळणार. आमच्याकडं मातीचे नमुने वाळवताना हेच होतं, आणि तुझ्या बेदाण्याच्या शेडमध्येही.

समई तू सरकवलीस का? माझ्या गळ्याची शपथ आहे, खरं सांग.

आणि आणखी एक. माझ्या अविश्वासानं कौल अडला होता, तर आता तो यायला नको होता, कारण माझ्यात काही बदललेलं नाही. आईच्याच म्हणण्यानं बघितलं तरी हे जुळत नाही. हे सगळं तिला सांगावं असं वाटतं. सांगितलं आणि ती ऑपरेशनला नाही म्हणाली तर? न सांगता तिला टेबलावर झोपवलं तर ती कशाच्या भरवशावर झोपणार आहे? माझा विचार इथंच येऊन अडतो.

लवकर लिही. रागानं लिहिलंस तरी चालेल, पण लिही.

तुझी,
राणी


मळा, ता. तासगाव,
२२ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

समई मी हलवली न्हाई. तुझी शपथ. खरं सांगू, सुचलं असतं तर हलवली असती.

आप्पासोंना विचारलं. ते उखडलेच. म्हणाले, आवं, गुरवकी करता करता केस पांढरे झाले, मी देवीफुडं असला खेळ करीन व्हय? मग जरा थंड झाल्यावर म्हणाले की त्या दिवशी सकाळी तुमची आईच आली होती समई घासायला. घासून तिनंच ती उजवीकडं ठेवली.

आता ह्याचा अर्थ तू लाव. मला शेड बघायची हाय.

ऑपरेशन ५ मार्चला ठरलंय. आई म्हणती, राणीनं दवाखान्यात यायचं न्हाई. मळ्यावर रहायचं आणि ऑपरेशन होईपर्यंत बनाईची समई तेवत ठेवायची. मी म्हटलं अंकिता ठेवंल की. तर म्हणाली, न्हाई, राणीलाच सांग.

दोन दिवस आधी ये. तू आलीस की घरात भांडायला तरी कोण मिळतं.

तुझा,
जया


मळा,
४ मार्च २०२५

चि. जयराज,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अंकिताला घेऊन शेजारच्या रिजवानची गाडी सकाळी सांगलीला निघेल, तिच्याबरोबर हे देते आहे. आईला आत नेल्यावरच वाच.

काल तू गाडी आणायला गेलास तेव्हा तिची पिशवी भरता भरता मी सगळं सांगून टाकलं. मला विश्वास बसलेला नाही, जयानं पत्र चुकीचं वाचलं. ती लुगड्याची घडी करत म्हणाली, ठाव हाय. जया खरं वाचताना अडखळतो. तेवढंच कसं घडाघडा वाचलं त्यानं?

म्हणजे माहीत असून ती कौलाला उभी राहिली. मग मी समईचं विचारलं. म्हणाली, डाव्या अंगाला तेल सांडून निसरडं झालं होतं, म्हणून सरकवली. मी म्हटलं, आई, उजवीकडं ऊब लागते हे तुला माहीत होतं का? ती लुगडं पिशवीत ठेवत म्हणाली, तू माती तपास, मला तपासू नगं. कौल बनाईनं दिलाय.

शेवटी विचारलं की विश्वास नसलेल्या लेकीच्या हातात दिवा का देतेस. तर म्हणाली, इश्वास असलेली माणसं देवावर भार टाकून झोपत्यात. तू झोपायची न्हाईस.

संध्याकाळी देवळात जाऊन आले. डावीकडं फरशीवर तेलाचा डाग आहे, पण डाग जुना की नवा हे मला ओळखता आलं नाही. समोर उभी राहिले, आणि पुन्हा ते मनातलं बोलणं सुरू झालं. या वेळी मी ते थांबवलं नाही. त्याला नावही दिलं नाही. समई होती तिथंच, उजवीकडं, राहू दिली.

आईच्या उशाशी बस. तिला मी काही विचारलं, काही म्हणाले, याचा राग तिनं धरू नये एवढं माझ्या वतीनं सांग. आपली माया आहे तशी असू दे.

तुझी,
राणी

उद्या: आप्पासोंकडून गाभाऱ्याची किल्ली घेऊन उजाडायच्या आत समईत तेल घालणे.