तीन नंबरची वेळ

सोमवार, ४
नवी नोकरी, नवी खुर्ची आणि खिडकीतून चक्क ऊन! खाली शूटिंगची खोली, वर माझी एडिटिंगची. लोक घरातल्या वडीलधाऱ्यांना घेऊन येतात, ते आठवणी सांगतात, तीन कॅमेरे एकदम चालतात आणि मी त्यातून घरच्यांसाठी फिल्म जोडते. नव्या माणसाला एक फिल्म फुकट. मी लगेच पुढच्या सोमवारी बाबांचं नाव लिहून टाकलं. मॉनिटरवर आधीच्या एडिटरची चिठ्ठी होती : ऑटो सिंक बंद ठेवा, तीन नंबरला हात लावू नका. मालकीणबाई म्हणाल्या, माणूस कामाचा, पण डोक्याने जरा सरकलेला. चिठ्ठी फाडून टाकली. मला टेबलावर पसारा खपत नाही.

मंगळवार, ५
चिठ्ठीचं कारण कळलं. टाइमकोड म्हणजे प्रत्येक फ्रेमवर पडणारी तारीख-वेळ. आज निवृत्त शिक्षिका आल्या होत्या. एक आणि दोन नंबरवर आजची तारीख, तीन नंबरवर चार वर्षं पुढची! शिवाय त्या चित्रात खुर्ची रिकामी, माइक सीटवर पडलेला. कॅमेरामन शपथेवर सांगतो, तिन्ही एकाच वेळी चालू होते. असो. ऑटो सिंक लावलं. टक्क्यांची पट्टी सरकते, पन्नास ओलांडले की रद्द करता येत नाही, आणि शंभरला तिन्ही कॅमेरे आजच्या तारखेवर. दुपारी तीन चाळीसला झालंसुद्धा. एवढं त्या महाशयांना जमू नये?

बुधवार, ६
शिक्षिकाबाई काल गेल्या. मुलीचा फोन होता, फिल्म लवकर द्या म्हणून. चहा पिता पिता कप खाली ठेवला आणि संपलं. वेळ तीन चाळीस. योगायोगच म्हणायचा. दिवसभर कामात लक्ष लागलं नाही.

गुरुवार, ७
आज एक घड्याळजी आजोबा. खूप हसवलं त्यांनी. तीन नंबरवर सात वर्षं पुढची तारीख, रिकामी खुर्ची. फाइल आत येताच सिंक आपोआप सुरू झालं, मी जेवायला गेले होते. पट्टी शंभरला पोचली त्याची वेळ एक बारा. आजोबा आमच्याच जिन्यात कोसळले. एक बारा.

शुक्रवार, ८
घड्याळ बिघडलेलं नाही. ती तारीख त्यांच्या जाण्याची होती आणि मी ती ओढून आजवर आणली. त्यांची सात वर्षं, बाईंची चार. माझ्या टापटिपीने गेली. ऑटो सिंक बंद केलं. मालकीणबाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, तूही सरकलीस का? बाबांना फोन केला : सोमवारी येऊ नका. कारण विचारलं, तर फोन ठेवून दिला.

सोमवार, ११
बाबा आले. नको म्हटलं तरी, नवा सदरा घालून. मी पोचले तर खुर्चीत बसलेले, कॅमेरे चालू. उठवू कसं, सगळ्यांसमोर? माइक मीच लावला. दोनदा हातातून निसटला. बाबा म्हणाले, लेकीला बापाची भीती वाटायला लागली की काय.

शूटिंग संपताच वर धावले. काम तुंबलंय म्हणून मालकीणबाईंनी ऑटो सिंक चालू—

तीन नंबरच्या दोन क्लिप. मोठी : रिकामी खुर्ची, अठरा वर्षं पुढची. पट्टी एकतीसवर. रद्द केली. थांबली! माझ्या बाबांची अठरा वर्षं शाबूत. खाली हसताहेत, इथे ऐकू येतंय. रडूच आलं.

छोटी क्लिप राहिली. माइक लावतानाची. यात बाबा आहेत. खुर्चीत, वर बघून बोलताहेत—
समोर मी असायला हवी, कोणी नाही.
माइक आपोआप सदऱ्याला—

तारीख नऊ वर्षं पुढची.
पट्टी ब्याऐंशी. रद्द होत नाही.

प्लग काढला. पडदा तसाच. त्र्याण्णव.

बाबा जिन्यातून हाका मारताहेत. वर येताहेत. त्यांनी हे बघायला नको, दाराला कडी—
अठ्ठ्याण्णव.
बाबा, तुम्ही खालीच थां