पंचायतीच्या नेटचा नारळ

३ नोव्हें.
आजही नेट नाही. सरकारी योजनेतून पंचायतीत नेटची पेटी बसली, उद्घाटनाला दहा मिनिटं चालली. त्या दहा मिनिटांत सरपंचांनी फोटो वर पाठवला, म्हणून कागदावर गाव जोडलेलं. तक्रारीच्या फोनवरची बाई म्हणे, "सेवा चालू दिसतेय, मॅडम." म्हटलं, दिसतेय तर तुम्हीच वापरा. तिनं फोन ठेवला.
कडूमावशी सकाळपासून ऑफिसच्या पायरीवर. निराधार योजनेच्या पगाराला हयातीचा दाखला लागतो, ऑनलाइनच. या महिनाअखेरपर्यंत. नाहीतर पगार बंद.

५ नोव्हें.
मावशीला ऑटोनं पोखर्णीच्या सेंटरवर नेलं. अंगठा उमटेना. कापूस वेचून वेचून रेषाच गेल्यात. अंगठ्याऐवजी डोळा वाचणारं मशीन आहे ते आमच्या पंचायतीत, आणि ते चालतं इथल्याच नेटवर. घ्या.
येताना मावशी: "मी हितं बसलेय, अन् मशीन म्हनायलंय म्हातारी जिती न्हाई."

९ नोव्हें.
लिहूनच टाकते. पेटी मी बिघडवली.
उद्घाटनाला सरपंच म्हणाले, "नारळ ताईंच्या हातानं. ऑपरेटर त्याच." आजोबांनी धम्म घेतला तेव्हापासून आमच्या घरात नारळबिरळ नाही. नाही म्हणायचं होतं. पण आमच्या गल्लीतल्या बाईला गावानं पहिल्यांदा मान दिलेला, जीभच उचलेना. दगड कुणी आणला नव्हता. "पेटीच्या कोपऱ्यावर हाना की," सरपंच. हाणला. पाणी सगळं आत. हिरवा दिवा काही वेळ चालला, मग गेला. तोवर टाळ्या, फोटो, सगळं उरकलं होतं.
स्वतःचाच राग येतोय. लय येतोय.

१४ नोव्हें.
परभणीहून इंजिनिअर आला एकदाचा. पेटी उघडली तर आत मुंग्या. "इथं मुंग्या कशा?" सरपंच छताकडं बघत म्हणाले, "पावसाचं पानी आलं असंल." पाऊस कधीचा थांबलाय.
बिघाड आपोआप झाला असेल तर नवी पेटी फुकट, आठ दिवसांत. माणसाच्या हातून झाला असेल तर नवा प्रस्ताव, नवी मंजुरी. म्हणजे महिनेच्या महिने. फॉर्म देऊन गेला. सही ऑपरेटरची.

१७ नोव्हें.
सरपंच: "आपोआप लिहा, ताई. तुमच्याबी नोकरीचा सवाल हाय." धमकी होती की काळजी, अजून कळलं नाही. नारळाला माझा हात, आता खोट्यालाही माझाच.

२० नोव्हें.
मावशीला खरं सांगितलं. म्हटलं, खरं लिहिलं तर तुझा दाखला राहून जातो.
"नारळ तू फोडलास व्हय?" बोळक्या तोंडानं हसली. "खोबरं ग्वाड हुतं. मी दोनदा घेतलं."
मग म्हणाली, "तुला काय लिवायचं ते लिव, पोरी. पर डोळ्याचं लवकर बघ. त्यातबी मोतीबिंदू पडायलाय."
उद्या फॉर्म न्यायला माणूस येणार. नाव, गाव, तारीख भरून झालं. बिघाडाच्या कारणाला फॉर्मात एकच ओळ ठेवलीय, ती कोरीच आहे. मावशी अजून पायरीवरच बसून आहे, घरी जा म्हटलं तरी जात नाही.