रस चढण्याआधी

प्रिय मुअत्तर,

तू ताश्कंदला पोचल्याचं आईकडून कळलं. म्हणजे तिला फोन केलास, मला नाही. केला असतास तरी मी बोलायला लागलो की तुझी मीटिंग सुरू होते. म्हणून हे पत्र. त्यात मला मध्येच कोणी तोडत नाही.

तुझ्या त्या दिवशीच्या भाषणावर अख्खं नमनगान बोलतंय. देशाची पुढची पंचवीस वर्षं, आणि कोणी कोणत्या धंद्यात राहावं, कोणी बाहेर पडावं! लाकडी छपरांची घरं दहात एकसुद्धा उरणार नाहीत, वासे विकणाऱ्यांनी आजच दुसरं काही बघावं, असं तू म्हणालीस आणि सभागृहातल्या सगळ्या माना तिसऱ्या रांगेकडे वळल्या. तिथे मी. बाहेर चहाला पत्रेवाला शोकिर वाटच बघत होता. “कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात तो हाच का हो, तुर्दीअली अका? पोरीनं भर सभेत वखार आडवी केली तुमची!” मी म्हटलं, “दांडा मीच घासून गुळगुळीत केलाय रे, म्हणून तर घाव इतका सफाईदार बसला.” तो हसला, पण नंतर हळूच विचारून गेला, पत्र्यांबद्दल तुझ्या मुलीचं काय म्हणणं आहे?

तुझ्यावर राग नाही, हे आधीच सांगतो. लांबचा अंदाज मला नवा नाही. आपल्याकडे मुलगा झाला की बाप पाटाच्या कडेनं पॉप्लरची रोपं लावतो; पोराचं लग्न ठरेपर्यंत त्यांचे वासे होतात. कोणत्या गल्लीत कोणत्या साली पाळणे हलले, हे लक्षात ठेवूनच मी हातगाडीपासून आरागिरणीपर्यंत आलो. आता पोरं शहरातल्या फ्लॅटमध्ये राहणार असतील तर राहोत. मी गिरणीत जर्दाळूच्या पेट्या करायला घेणार आहे. फ्लॅटमध्ये राहणारा माणूससुद्धा जर्दाळू खाणारच की नाही? हे तुझ्या तक्त्यात बसत असेल तर बसव.

तेव्हा धंद्याची झोप उडालेली नाही. उडाली आहे ती दुसऱ्याच गोष्टीनं. दिवसातून चारदा मी पाटावर जाऊन येतो. गिरणीतली माणसं म्हणतात, अकांना पायाला भिंगरी लागली. पाटावर इल्योसचे पॉप्लर आहेत. तुझा भाऊ कोरियाला निघाला तेव्हा म्हणाला होता, “तीन वर्षं, बाबा, घर उभं करण्यापुरती.” पैसे पाठवत राहिला, भिंती उभ्या राहिल्या. छप्पर मात्र त्याच्याच झाडांचं घालायचं, आणि त्याचं लग्न ठरल्यावरच. याला आता नऊ वर्षं झाली. पॉप्लर इतकी वाट बघत नाही गं. वय उलटलं की आतून पोकळ होतो. दरवर्षी मी म्हणतो, या हिवाळ्यात तोडू, वासे सावलीत रचून ठेवू. तुझी आई म्हणते, “नवरदेव दारात नाही आणि झाडं तोडता? अपशकुन करायला निघालात?” मग मी कुऱ्हाड खाली ठेवतो.

आणि त्यातच तुझं ते वाक्य आलं. परदेशी कामाला गेलेल्या दहांपैकी सहा परत येणार नाहीत, हे धरून नियोजन करा. आई मागे बायकांत बसली होती, तुला स्टेजवर बघायला नवा रुमाल बांधून आली होती. मी उठून विचारलं, हे सहा कुठून काढले? तू मला सगळ्यांदेखत “अका” म्हणालीस, जसा मी कोणी परका दुकानदार! “ही सरासरी आहे, अका. एकेका माणसाचं यातून सांगता येत नाही.” मला हसू आलं. गाडीत बसल्यावर आईनं बोटं मोजायला घेतली. “कुम्रीचे दोघे काही येत नाहीत, एकानं तिकडचीच बायको केली. न्हाव्याचा पोरगा नाही. अदोलतचा धाकटा नाही. कोपऱ्यावरचे ते जुळे, ते तर फोनही करत नाहीत. झाले सहा!” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “म्हणजे आपला चारात.” दुसऱ्या दिवसापासून ती इल्योसच्या उघड्या भिंतींना मातीचा नवा गिलावा देते आहे. थंडीनं हात फुटलेत, ऐकत नाही. तिचा तुझ्या आकड्यांवर माझ्यापेक्षा जास्त विश्वास आहे.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. मी उभं झाड विकत घेतो तेव्हा खोडावर कुऱ्हाडीची पाठ मारून कान लावतो. भरीव की पोकळ, आवाजावरून कळतं. आजवर फसलो नाही. त्या दिवशी तुझं सगळं भाषण भरीव वाजत होतं. फक्त “एकेका माणसाचं सांगता येत नाही” या एका वाक्याला आवाज पोकळ आला. आणि आईनं पुलाव शिजवून ठेवलेला असताना तू घरी न येता परस्पर स्टेशनवर गेलीस. इल्योस लहानपणापासून फुटलेल्या बरणीपासून सगळं आधी तुलाच सांगायचा. दहातल्या सहांचं काय करायचं ते शोकिर बघेल. मला एकाचं सांग. जर्दाळू फुलले की पॉप्लरमध्ये रस चढतो, मग तोडलेलं लाकूड किडतं. त्याच्या आत मला फोनवर एकच शब्द हवा आहे: तो येणार असेल तर थांबा, नसेल तर तोडा. बाकी काही विचारणार नाही, त्यालाही नाही. आईला मीच सांगेन, तो भार तुझ्यावर टाकत नाही. पण लवकर कळव, पोरी. तिच्या सहांत आता जागा उरलेली नाही. कोणाला तरी बाहेर काढून आपल्या इल्योसला आत घ्यायला तिला वेळ लागेल, आणि रस काही तिच्यासाठी थांबायचा नाही.

तुझाच,
तिसऱ्या रांगेतला बाबा