कास मऊ आहे

बाबा, तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली आणि इतक्या वर्षांत मी तुमच्यावर एकदाही रागावले नव्हते. गेल्या महिन्यापासून मात्र तुमच्या फोटोकडे पाहवत नाही. फोटो उतरवला नाही, फक्त त्या खोलीत बसणं सोडलं आहे.

मला जे येतं ते तुम्ही शिकवलंत, सगळा घोळ तिथेच आहे. जनावरांच्या दवाखान्यात तुम्ही मलमपट्टी करणारे, पण खापरखेड्याच्या आसपासच्या गावांत लोक तुम्हालाच डॉक्टर म्हणायचे. घरामागच्या गोठ्यावर वीजकेंद्राची राख बसलेली असायची. तुम्ही आपल्या तांबडी गाईचं दूध काढून उठायचात, मी तिच्यापुढे कुटार टाकायचे आणि तुम्ही सांगायचात, "सडाचं तोंड अर्धा तास उघडं राहते. तोवर तिले बसू देऊ नको. खाली बसली का जंतू आत." खायला असलं की गाय उभी राहते, म्हणून ते कुटार. आणि गेलेच जंतू आत, तर? "मंग रखवालदार आहेत ना! त्यायले कोणी शिकवत नाही, जन्माचेच असतात. रक्तातून धावत येतात, जंतूले गिळतात अन् तिथंच मरतात. सूज, ताप, पू, सारं त्यायचंच काम आहे बाई. लोक सूज पाहून भेतात. भ्यायचं ते सूज दाबणाऱ्याले."

आज नागपुरात प्रयोगशाळेत मी दिवसभर दुधाचे नमुने तपासते. आजारी कासेचं थेंबभर दूध काचेवर पसरून रंगवलं की तुमचे ते रखवालदार दिसतात, पांढऱ्या पेशी, पोटात गिळलेले जंतू घेऊन पडलेल्या. पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा मला रडू आलं होतं. सोबतच्या मुलींना वाटलं, रंगाचा वास झोंबला.

गेल्या महिन्यात एक शेतकरी मेलेल्या गाईचं दूध घेऊन आला, मरायच्या आदल्या दिवशी काढलेलं. कास सुजली होती, कोणीतरी इंजेक्शन दिलं, सूज उतरली, गाय चारा खायला लागली आणि चौथ्या दिवशी कास काळी पडली. आमच्या मॅडम म्हणाल्या, "स्टेरॉइड. पांढऱ्या पेशींना झोपवलं, जंतू जागेच राहिले." त्याने खिशातून रिकामी बाटली काढून टेबलावर ठेवली. ती बाटली मी ओळखली, बाबा. तशीच एक रिकामी बाटली आईने शिवणयंत्राचं तेल ठेवायला घेतली होती. मी बारावीत होते. वर्षभर ते लेबल माझ्या डोळ्यांपुढे होतं.

तुमची बदली झाली होती आणि तांबडी सोबत नेता येणार नव्हती. मागच्या क्वार्टरमधल्या काकू तिला विकत घेणार होत्या. त्यांनी उभ्या जन्मात गाय पाळली नव्हती. आदल्या संध्याकाळी तुम्ही तांबडीला त्याच बाटलीतलं इंजेक्शन दिलंत. मी विचारलं, "काहून?" तुम्ही म्हणालात, "ताकदीचं आहे." सकाळचं दूध काकू यायच्या आधीच काढून मोकळे झालात, म्हणजे ते त्यांच्या नजरेला पडायला नको. काकू आल्या आणि तुम्हाला सोडून मला म्हणाल्या, "तू सांग वं पोरी, कास कशी आहे? तू खोटं नाही बोलणार." मी हात लावला. म्हणाले, "कास मऊ आहे." काकूंनी हसून दावं हातात घेतलं.

सहाव्या दिवशी तांबडी गेली. काकू रडत आल्या तेव्हा आपण सामान बांधत होतो. तुम्ही त्यांना काय म्हणालात आठवतं? "दूध काढल्यावर बसू देली असन, वहिनी. सांगतलं होतं तुमाले." माझ्यापुढे म्हणालात. ज्या गोष्टीवर मी देवासारखा विश्वास ठेवला, तीच त्या बाईच्या माथी मारलीत. एखाद्या अडाण्याने केलं असतं तर मी सोडून दिलं असतं. तुम्हाला सगळं माहीत होतं! वर मीही शहाण्यासारखी मान हलवली. तुम्ही माझा हात वापरलात, बाबा, आणि मग माझी मानही.

काकू आता इथे नागपुरातच, मुलाकडे जरीपटक्याला राहतात. रविवारी तिथल्या बाजारात भेटल्या की पिशवी खाली ठेवून माझा हात धरतात आणि बोलणं फिरून फिरून तिथेच येतं. "माह्याच हातानं गेली वं ती. मी तिले बसू देलं." त्यानंतर त्यांनी दारात जनावर बांधलं नाही. नातवाने कुत्रा मागितला तर त्यालाही नाही म्हणाल्या.

त्यांना खरं सांगायचं ठरवलं, म्हणून आधी तुम्हाला लिहायला बसले. तुमची इज्जत जाईल, जाऊ दे. इथवर सगळं भराभर लिहून झालं. पण एक गोष्ट मी पहिल्या ओळीपासून टाळत आले आहे. त्या सकाळी मागच्या डाव्या सडाच्या वर माझ्या बोटांना कडक लागलं होतं, सुपारीएवढं. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही दाव्याची गाठ सोडत होता, वर पाहिलं नाहीत. तेव्हा मी म्हणाले, कास मऊ आहे.

तुमचं सांगायचं तर हेही सांगावं लागेल. म्हणून गेले दोन रविवार मी जरीपटक्याच्या बाजारात गेलेच नाही, भाजी कोपऱ्यावरच्या गाडीवरून घेतली.