नूलाची करंगळी

बेलफास्ट, ७ नोव्हेंबर १९८३

ती. आईस, मेव्हचा शि. सा. न. वि. वि.

तुझा सोडा-ब्रेड वर्गातल्या पोरींनी मधल्या सुट्टीत फस्त केला. मला तुकडासुद्धा ठेवला नाही.

शुक्रवारी दुपारी मी वर्गात काहीच शिकवत नाही, पोरीच एकमेकींना गिटार शिकवतात. नियम आपल्या नूलाच्या पंक बँडचा: एक कॉर्ड, म्हणजे तारांवरची एक पकड, आली की ती दुसरीला शिकवायची, मगच पुढची मागायची. चुकलं तरी थांबायचं नाही. आमच्या मुख्याध्यापिका सिस्टर म्हणतात, हा बाजार पुरे. येत्या सोमवारपासून संगीताच्या बाई येणार आणि शाळेची गिटार त्यांच्या कुलपात जाणार. तुझ्या पलंगाखाली नूलाची आहे, ती देशील का?

बाबांच्या खोकल्याचं कळव. लोभ आहेच, रागही थोडा कमी असावा.

तुझी, मेव्ह

न्यूरी, १० नोव्हेंबर

चि. मेव्हला अनेक आशीर्वाद.

बाबांचा खोकला आणि हट्ट, दोन्ही जसेच्या तसे आहेत. गिटार मिळणार नाही. त्या बँडबरोबर डेरी शहरातून परतताना गाडी उलटली आणि माझी धाकटी गेली. त्यांचे नियम मला शिकवू नकोस. शिवाय रस्त्यावरून लष्कराची गाडी गेली की घर हादरतं आणि पलंगाखाली गिटार आपोआप गुणगुणते. बाबांना ऐकू येत नाही. मला येतं. दोन वर्षं मी तेवढ्यावरच काढली आहेत.

जेवत जा. नुसत्या चहावर शिक्षिका चालत नाहीत.

तुझी आई

बेलफास्ट, १४ नोव्हेंबर

ती. आईस सा. न. वि. वि.

लिहू की नको, असं झालं होतं. वर्गात डिम्फ्ना नावाची अबोल मुलगी आहे. आज नव्या बाईंनी तिची करंगळी धरून तारेवर दाबली. पोरगी म्हणाली, करंगळी वरच असते, मला असंच शिकवलंय. बाई चिडल्या. मी पाहिलं तर सगळ्याच पोरींच्या करंगळ्या वर. डिम्फ्नाला तिच्या मावसबहिणीनं शिकवलं, तिला कुणा मैत्रिणीनं, तिला तळघरात बँड वाजवणाऱ्या एका मुलीनं, जिचं नाव यांना ठाऊक नाही.

आई, नूलाची मोडलेली करंगळी कधी वाकलीच नाही. न दाबलेल्या त्या एका तारेचा तो आगाऊ सूर मी भिंतीआडूनही ओळखीन. मी वर्गाबाहेर जाऊन रडले. बाई म्हणतात, नाताळापर्यंत सगळ्यांचे हात सुधारतील.

मेव्ह

न्यूरी, १७ नोव्हेंबर

चि. मेव्हला आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून गिटार बाहेर काढली आणि मांडीवर घेतली. तेवढ्यात लष्कराची गाडी गेली आणि ती गुणगुणली. मी तारांवर हात ठेवला, तर गप्प झाली. नूला कधी कुणाच्या सांगण्यावरून गप्प बसली होती का? दोन वर्षं मी लाकडाशी बोलत होते, मेव्ह.

पुढच्या शुक्रवारच्या बसनं गिटार घेऊन येते. तुझ्या सिस्टरना माझ्याकडे पाठव, मी बघते काय म्हणतात ते. ती करंगळी वर ठेवलेली कॉर्ड मला डिम्फ्नानं शिकवायची, तू नाहीस, तू रडशील. पुढे कुणाला शिकवायची तेही ठरलंय, बाबा खोकत का होईना शिकतील.

करंगळीचं मात्र मला कुणी सांगू नये. ती मोडली तेव्हा पट्टी मीच बांधली होती.

तुझी आई