दीपगृहाच्या एकशे अडुसष्ट पायऱ्या

४ मार्च

घेतलं! माझं पुस्तक घेतलं!

छत्तीस वर्षं मी या गावात दारोदार पत्रं टाकली, आणि आज माझ्याच दारातून असं पत्र आत पडलं की वाचून मी स्वयंपाकघरात चक्क उडी मारली. गुडघ्यातून कळ आली. येऊ दे! शब्दशोधाची चाळीस कोडी. शब्द हुडकून खोडत जायचं आणि शेवटी उरलेली अक्षरं वरपासून ओळीने वाचायची, की एक वाक्य मिळतं. इतरांच्या पुस्तकांत तिथे नुसतं ‘शाब्बास’ किंवा ‘छान सुट्टी’ असतं. माझ्या पुस्तकात तिथे ज्ञान आहे. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात. हे संपादिकाबाईंना आवडलं. योरिंदे नाव त्यांचं, आवाजावरून तिशीच्या असाव्यात. जूनमध्ये छापणार, म्हणजे अख्खा देश तंबू आणि कॅराव्हॅन घेऊन उन्हाळी सुट्टीला निघायच्या आत.

अट एकच. प्रत्येक माहिती दोन पुस्तकांत तपासलेली हवी. “ज्ञानाच्या पुस्तकात ज्ञानच चुकलं, तर लोक आपल्याला सोडणार नाहीत,” असं फोनवर म्हणाल्या. मी म्हटलं, मी पोस्टातली बाई आहे, चुकीच्या दारात मी काही टाकत नाही.

एकोणचाळीस तयार आहेत. एक राहिलंय.

५ मार्च

शेजारच्या रूलीला सातवं कोडं दिलं. चौऱ्याऐंशी वय, आणि सोडवते पेनने! पेन्सिल म्हणे भित्र्यांसाठी. वीस मिनिटांत संपवलं. उरलेल्या अक्षरांतून ‘मधमाशीला पाच डोळे असतात’ हे निघालं, तर पेन खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली. “पाच? आणि तरी माझ्या लिंबूपाण्यात पडून मरतात?”

पास! हे कोडं पास.

९ मार्च

चाळिसावं सापडलं. खरं सांगायचं तर ते पहिल्यापासून डोक्यात होतं, हिंमत आज झाली.

आमच्या बेटावरचं दीपगृह. खोडायचे शब्द सगळे तिथले – भरती, वाळूचा बांध, शिंपले, धुकं, बोट. आणि उरलेल्या अक्षरांत: ‘बेटावरच्या दीपगृहाला एकशे अडुसष्ट पायऱ्या आहेत.’

हे कोडं डाउवेसाठी आहे. इथे लिहायला काय हरकत, ही वही कोण वाचतंय! माझा भाऊ डाउवे शब्दशोधाचं एकही पुस्तक सोडत नाही, कधीच सोडलं नाही. बेटावरच्या दुकानात येतील ती सगळी घेतो. नऊ वर्षं आम्ही बोललेलो नाही. बाबांना मी बेटावरून इकडे आणलं, वृद्धाश्रमात ठेवलं. डाउवे म्हणाला, “त्यांना समुद्र दिसायला हवा.” मी म्हटलं, त्यांना डॉक्टर दिसायला हवा. बाबा चार महिन्यांत गेले. अंत्यविधीला आम्ही दोघं दोन टोकांना बसलो, कॉफीही वेगवेगळ्या टेबलांवर घेतली.

त्या दीपगृहात जायचो तेव्हा मी सहा वर्षांची, तो चौदाचा. दर रविवारी चढायचो. मी पुढे मोठ्याने मोजत, तो मागे. वर पोचलं की तो विचारायचा “किती?” आणि मी वाऱ्यात किंचाळायचे, “एकशे अडुसष्ट!” दर रविवारी तेवढ्याच.

त्याने हे कोडं सोडवलं तर त्याला कळेल कोणी बनवलंय. एवढंच हवंय मला. एक ओळ आली तरी पुरे.

दोन पुस्तकं? आमच्या दीपगृहावर पुस्तक कोण लिहितंय! माझ्या पायांना ठाऊक आहे. तपासलं अशी खूण करून टाकली.

१२ मार्च

पाठवलं! पाकीट पेटीत टाकून परत हात घालून चाचपून बघितलं. छत्तीस वर्षं ज्या लोकांना हसत आले, त्यांतलीच झाले.

६ जून

मांडणीवर आहे!! सुपरमार्केटमध्ये, पैसे द्यायच्या रांगेत, च्युइंगगमच्या वर. मी तीन वेळा रांगेत उभी राहिले. पहिल्यांदा लोणी, मग काड्यापेटी, मग काहीच सुचेना तर परत लोणी. तिसऱ्या खेपेला एका दाढीवाल्याने कोळशाच्या पिशवीवर माझं पुस्तक टाकलं. न उघडता! तरी मला त्याला मिठी मारावीशी वाटली.

रूलीला प्रत दिली. तिने आधी शेवटची पानं उघडली, उत्तरांची. मी ओरडले.

१९ जून

वाढदिवसांचं कॅलेंडर इथल्या सगळ्यांसारखं माझ्याही संडासात टांगलेलं; त्यावर आज डाउवेचं नाव. बाबांच्या अक्षरातलं आहे, काढायचं कसं? दर वर्षी या दिवशी मी आत जरा जास्त वेळ बसते. फोन नाही केला. पण पुस्तक बेटावर पोचलं असेलच की!

२ जुलै

योरिंदेने खोकं पाठवलंय. तीनशे अकरा पोस्टकार्डं! चाळिसाव्या कोड्याचं उत्तर कार्डावर लिहून पाठवायचं, एकाला सायकलची पिशवी बक्षीस. सोडत मी काढायची. जमिनीवर सगळी पसरली. एका आजीने लिहिलंय की ऑस्ट्रेलियातल्या वोम्बॅट या प्राण्याची विष्ठा चौकोनी असते हे सांगून तिने नातवांना गप्प केलं. एका बाईने लिहिलं, आता नवऱ्याशी जेवताना बोलायला विषय असतो.

मी शिक्के बघत गेले. तीनशे अकराही. सवयच ती. बेटाचा एकही नाही.

८ जुलै

दीपगृहाच्या रखवालदाराचं पत्र योरिंदेकडे. सभ्य, टाइप केलेलं. पायऱ्या एकशे एकाहत्तर आहेत, एकशे अडुसष्ट नव्हेत.

एकशे एकाहत्तर! नवा कोणी असेल, मोजता येत नसेल! योरिंदेने शांतपणे विचारलं, “सीत्स्के, तुम्ही कोणत्या दोन पुस्तकांत बघितलं होतं?” दुसरी आवृत्ती शुक्रवारी छापायला जाणार आहे आणि ती आता अडकलीय. मी म्हटलं, शुक्रवारच्या आत मी स्वतः मोजून येते. चूक त्या रखवालदाराचीच निघणार, लिहून ठेवते.

१० जुलै

बेटावर जाऊन आले.

एकशे एकाहत्तर.

दोनदा चढले. रखवालदार दुसऱ्यांदा खुर्चीच घेऊन बसला. एकशे अडुसष्टपर्यंत दगडी पायऱ्या, माझ्याच, प्रत्येक ओळखीची. मग वर तीन लोखंडी, माझ्या गुडघ्याएवढ्या उंच. त्या मला आठवतच नाहीत! म्हटलं नंतर बसवल्या असतील. तो म्हणाला, मनोऱ्याइतक्याच जुन्या आहेत.

उतरताना लाज वाटत होती. डाउवेला काय पाठवलं मी? चुकीचा आकडा! त्याने वाचला असेल आणि म्हणाला असेल, हिला हेही नीट आठवत नाही.

बोटीला वेळ होता. त्याच्या घरावरून गेले. पडदे उघडे, सगळ्यांचे असतात, कोणी आत बघत नाही. मी बघितलं. टेबलाशी वाकून पेन्सिलने काहीतरी खोडत होता. केस पांढरेशुभ्र झालेत. माझंच पुस्तक होतं का ते दिसलं नाही. दार वाजवणं जमलं नाही. आधी न कळवता जायचं कसं, असं स्वतःला सांगितलं. कारण ते नव्हतं, मी घाबरले. त्याने मान वर केली नाही आणि मी धक्क्याकडे चालत सुटले.

११ जुलै

योरिंदेला सगळं खरं सांगून टाकलं. पुस्तकं नाहीत, पाय होते. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “उद्या बाराच्या आत कोड्याची नवी चौकट द्या. आणि सीत्स्के, दुसऱ्या पुस्तकाच्या वेळी पाय नकोत.”

दुसऱ्या पुस्तकाच्या! दुसऱ्या!!

सकाळपासून चौकट बांधतेय. एकशे एकाहत्तर लिहायचं तर सगळी अक्षरं हलवावी लागतात. ‘धुकं’ कुठेच बसेना, काढून टाकलं.

१२ जुलै

अकरा वाजून चाळीस मिनिटांनी दिली.

१५ जुलै

उशिराचं एक पोस्टकार्ड. शिक्का बेटाचा. टपाल देणाऱ्या मुलीसमोरच दारात वाचलं आणि दारातच रडू आलं. ती बिचारी गोंधळून उभी राहिली.

“उत्तर चूक आहे, सीत. एकशे एकाहत्तर. वरच्या तीन लोखंडी पायऱ्या तू कधी चढलीच नाहीस, मी तुला मागून काखेत धरून वर ठेवायचो. तुझे एकशे अडुसष्ट बरोबर होते. बुधवारी तू खिडकीशी होतीस तेव्हा मी शेवटचं वाक्य वाचत होतो, मान वर करायला धीर झाला नाही. या बुधवारी दहाला कॉफी. दार वाजव.”